दोन्हीकडे बघणारी रोही

रोही बाईमाणसाला भीत नाही. गडी माणूस दोनशे पावलांवर दिसला तरी ती मान वर करते, आणि त्याच्या खांद्यावर काठी असली तर तेवढ्यावरच पळते. पण खुरपायला बसलेल्या बायांची ओळ साठ पावलांवर आली तरी ती चरत राहते. या बाया दिवसभर वाकलेल्या असतात, आपसात बोलत असतात, कुणाच्या मागं धावत नाहीत, हे तिला ठाऊक असतं. आमच्या भागातल्या सगळ्या बायांना हे माहीत होतं. त्याचा कुणाला काही उपयोग होईल, असं मात्र त्या वर्षापर्यंत कुणाच्या मनात आलं नव्हतं.

पुस्तकात तिला नीलगाय म्हणतात. आमच्याकडं तिला गाय कुणी म्हणत नाही. नर असतो निळसर काळा, घोड्याच्या अंगाचा, डोक्यावर वीतभर शिंगं. तो एकटा हिंडतो, थोडं खातो आणि निघून जातो. माद्या तांबूस, बिनशिंगाच्या, आठ-दहाच्या कळपानं राहणाऱ्या. पीक जातं ते त्यांच्या तोंडी.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी परभणीहून बी.ए. होऊन घरी आले होते. आमच्या बौद्ध वस्तीतच नव्हे, आमच्या घराण्याच्या सात पिढ्यांत कॉलेज पुरं केलेलं माणूस मीच पहिलं. हे मी मिरवायला सांगत नाही असं म्हणणार होते, पण खरं तर थोडं मिरवायलाच सांगते. त्या वर्षी मी जे केलं त्यात या मिरवण्याचा वाटा आहे, म्हणून ते लपवून चालणार नाही.

आमचं गाव जिंतूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. बाप येलदरीच्या धरणावर चौकीदार होता, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. शेत बघायची ती माय. तीन एकर, गावाच्या शिवारातलं शेवटचं. त्याच्या पुढं नुसतं खुरटं रान आणि डोंगर. म्हणजे रोहीच्या तोंडापाशीच आमचं ताट वाढलेलं. निम्म्यात हायब्रीड ज्वारी, निम्म्यात कापूस, आणि डोंगराच्या बाजूला मुगाचा एक तुकडा. भादवा सरता सरता मूग निघाला होता. ती जागा मोकळी पडली होती आणि ज्वारीची कणसं दुधात आली होती.

रोहीला नेमकी तीच कणसं लागतात. दाणा टणक झाला की ती तोंड लावत नाही. म्हणजे पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न. पण त्या पंधरा-वीस दिवसांत नऊ माद्यांचा कळप तीन एकरांतलं काय ठेवतो? आम्ही डबे वाजवले, बुजगावणी उभी केली, बांधाला शेणाचं पाणी शिंपडून पाहिलं. सकाळी बाया कामावर यायच्या वेळेला कळप डोंगरातून उतरायचा, मुगाच्या मोकळ्या तुकड्यात उगवलेलं कोवळं गवत खात थांबायचा आणि तिथून सावकाश ज्वारीत शिरायचा. हाकललं की पळायचा, दोनशे पावलांवर थांबून मागं वळून बघायचा. आपण खाली बसलो की परत.

ज्वारी गेली असती तर वर्षाची भाकरी गेली असती. दुष्काळात आम्ही सरकारी सुकडीवर आणि खडी फोडण्यावर दिवस काढले होते. ते परत नको, एवढंच माय म्हणायची.

शेजारच्या शेताचे मालक फौजेतून रिटायर होऊन आले होते. सगळं गाव त्यांना फौजी काका म्हणायचं. जातीनं मोठ्या घरातले, पण जमीन त्यांचीही बेताचीच. त्यांच्याकडं वडिलांची, निजामाच्या अमलातली ठासणीची बंदूक होती. एकदा बार झाला की परत दारू ठासायला वेळ लागायचा, आणि साठ पावलांच्या पुढं तिचा भरवसा नव्हता. त्यांची ज्वारीही आमच्याइतकीच खाल्ली जात होती.

"परवाना काढावा लागतो आता. नवा कायदा आलाय," ते मायला म्हणाले. "अर्ज कुणी लिहील?"

"ही हाय की," माय म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यासाठी मी दहा अर्ज लिहिले असते.

अर्ज मी लिहिला. तहसिलीत कारकून म्हणाला, मादी मारायला वेगळी मंजुरी लागते, कारण दाखवावं लागतं. मी तिथल्या तिथं कारण लिहून दिलं: नर एकटा असतो, नुकसान माद्यांच्या कळपाकडून होतं. कारकुनानं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "कुठपर्यंत शिकलीस?" परवाना मिळाला. एक मादी, आठ दिवसांच्या आत.

परवाना हातात आल्यावर मायनं दोन अटी घातल्या. काका बांधावर उभे होते, माय खाली कापसात.

"एक म्हंजी, जनावर पडल्यावर आमची माणसं ओढायला येणार न्हाईत. ते आमी सोडलंय."

काका म्हणाले, "माझी बैलगाडी, माझे गडी. दुसरं?"

"दुधाची मारायची न्हाई."

"ते मला कसं कळणार?"

"आमी दाखवू."

ही दुसरी अट मायनं स्वतःसाठी घातली नव्हती. आमच्या ओळीत नात्यातली एक वहिनी होती. तिचं सहा महिन्यांचं लेकरू बांधावरच्या बोरीला बांधलेल्या झोळीत असायचं. बंदुकीची गोष्ट निघाल्यापासून ती म्हणत होती, "मी अंगावर पाजायलेय. असल्या कामाच्या ओळीत मी बसणार न्हाई." आणि मायनं तिला सगळ्यांदेखत शब्द दिला होता, "दुधाची मरणार न्हाई. मी हाय ना." माय ओळीची म्होरकी होती. कुणाच्या शेतात किती बाया, कुठून सुरुवात, कधी सुट्टी, ते ती ठरवायची. बाया तिचं ऐकायच्या, कारण तिनं सांगितलं की ते तसंच व्हायचं. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

पण साठ पावलांवर काकांनी जायचं कसं? पहिल्याच दिवशी ते बांधामागून सरपटत गेले, आणि कळप डोंगरावर. आमची मोठी माय, म्हणजे माझी थोरली चुलती, जिभेला तिखट. तिनं ओळीतूनच हाक दिली, "काका, लुगडं नेसा अन् या आमच्यात बसायला. रोही आमाला काय भीत न्हाई."

बाया हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी डोंगराकडं बघितलं, मग ओळीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा धोतरावरूनच त्यांनी काकूंचं जुनं हिरवं लुगडं गुंडाळलं होतं आणि पदर डोक्यावरून मिशीपर्यंत ओढला होता. हसू नये असं सगळ्यांनी ठरवलं होतं, पण मोठी माय कुणाचं ऐकती?

"सून उंच मिळाली गं बाई. चालायली बघा कशी, परेडीला निघाल्यावाणी."

खरंच ते ताठ चालत होते. कळपानं त्यांना बांधावरच ओळखलं आणि त्या दिवशीचं काम तिथंच संपलं.

मग मायनं त्यांना शिकवलं. चालायचं नाही, बसूनच सरकायचं. कळपाच्या दिशेनं सरळ जायचं नाही, तिरपं जायचं, जणू आपल्याला दुसरीकडंच जायचंय. मान वर करायची नाही. बंदूक गोणपाटात गुंडाळून गवताच्या भाऱ्याखाली ओढायची, बाया जनावरांसाठी निंदलेलं गवत ओढतात तशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते आम्हा बायांना सांगितलं: "बोलणं थांबवायचं न्हाई. ओळ गप झाली की रोहीचे कान उभे राहत्यात."

हे ऐकायला सोपं वाटतं. करताना कळतं. त्या पुढच्या सकाळी आम्ही मुगाच्या तुकड्याच्या ऐंशी पावलांवर पोचलो आणि एकाएकी बारा बायांची तोंडं बंद झाली. कुणाला काही सुचेना. क्षणभर फक्त खुरप्यांचा आवाज. नऊच्या नऊ माना वर. झालं.

ऊन चढलं होतं. काकांचा तांब्या लांब बांधावर, लिंबाखाली होता. उठून गेले असते तर लुगड्याचं सोंग शिवारभर दिसलं असतं. मोठी मायनं आमच्या मडक्यावरचा गडवा उचलला. "घ्यायचं का पाणी, काका? का तसंच वाळायचं?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. मग ओंजळ धरली आणि प्याले. दोनदा मागून प्याले. मोठी मायनं गडवा परत मडक्यावर ठेवला. मी मनात नोंद घेतली. काका माणूस वाईट नव्हता, पण आमच्या ओळीत बसायला आणि आमच्या ओंजळभर पाण्याला त्यांना रोही लागली.

त्या संध्याकाळी मी मायला म्हणाले, "उद्या त्यांच्याशेजारी मी बसते. दाखवायचं काम माझं."

"का?"

"तू शील घेतलंयस, जीव घ्यायचा नाही असं. दाखवलं काय अन् मारलं काय, एकच."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "तू बी घेतलंयस की."

"मी पाच वर्षांची होते. तुझं बोट धरून म्हटलं. तू समजून घेतलंस. मला काय होतंय ते मला कळतं, मी शिकलेली आहे."

हे वाक्य मी बोलले. आजही ते मला जसंच्या तसं ऐकू येतं.

मायनं भाकर तव्यावर टाकली. छप्पननंतर धम्म घेतल्यापासून तिनं घरात कोंबडं कापू दिलं नव्हतं. रोहीपुढं ती हरली होती आणि ते तिला रोज टोचत होतं, हे मला दिसत होतं. तिच्या अंगावरचं ओझं मी घेते, असं मला वाटलं. चांगलंच वाटलं.

"मग ध्यान देऊन ऐक," ती म्हणाली. "कळपात एक म्हातारी हाय. कंबरेची हाडं वर आलेली, डाव्या कानाला फाट. दोन वर्सं झाली, तिच्या मागं वासरू न्हाई. ती पुढं चालती, बाकीच्या तिच्या मागं. ती पडली की कळप ही वाट सोडंल. तीच दाखव. दुसरी न्हाई."

"अन् दुधाच्या कशा ओळखायच्या? कास तर दिसत नाही."

"कास काय दिसती लांबून. वासरू निजवून येत्यात त्या, गवतात न्हाईतर पिकात. मागं घेऊन हिंडत न्हाईत. जी चरता चरता एकाच जागी परत परत बघायली, तिचं तिथं हाय असं समजायचं."

मी ते पाठ केलं. परीक्षेला करायचे तसं.

आठातला सातवा दिवस उजाडला. ऊन कोवळं होतं, वारा डोंगराकडून आमच्याकडं. ओळीच्या एका टोकाला माय, दुसऱ्या टोकाला काका, त्यांच्याशेजारी मी, माझ्याशेजारी वहिनी. झोळी मागं बोरीला. मोठी मायनं आदल्या दिवशीचा धडा घेतला होता. ती हायब्रीडच्या भाकरीवर बोलत सुटली.

"वातड म्हंजी किती वातड. माझ्या दादल्यानं काल घास तोडला तर दातच हालला. म्हणाला, ही भाकर हाय का चपलीचा तळ. मी म्हणलं, चपलीचा तळ असता तर घालून फिरला असता, खाल्ला कशाला?"

बाया हसत होत्या, खुरपी चालत होती, ओळ तिरपी सरकत होती. कळप उतरला. मी मान खाली घालून, पापण्यांतून मोजला. आठ.

परत मोजला. आठच. म्हातारी नव्हती.

माय असती माझ्या जागी तर तिनं खुरपं खाली ठेवलं असतं आणि म्हटलं असतं, आज न्हाई. त्याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. पण माय पन्नास हात लांब होती आणि तिला तिथं मीच बसवलं होतं. परवान्याचा उद्या शेवटचा दिवस. उद्या म्हातारी येईल याचा काय भरवसा? शिवाय ज्वारी समोर दिसत होती, कडेच्या ओळींतली ताटं मोडलेली.

काका पदराआडून पुटपुटले, "कोणती?"

"थांबा," मी म्हणाले.

मी नियम लावला. एक मादी दर थोड्या वेळानं बांधावरच्या झुडपाकडं बघत होती. सोडली. दुसरी ओढ्याकडं. ती पण सोडली. दोघी-तिघी एकमेकींना चिकटून चरत होत्या, त्यांचं नीट दिसेना. अलीकडं एक होती, चांगल्या अंगाची, आमच्यापासून पन्नास-पंचावन्न पावलांवर. ती चरायची, मान वर करायची, कापसाकडं बघायची. परत चरायची, मान वर करायची, ज्वारीकडं बघायची. एका जागी तिची नजर ठरत नव्हती. इकडं, मग तिकडं. मला वाटलं, ही नुसती बावरलेली आहे. हिला कशाची ओढ नाही.

"अलीकडची," मी म्हणाले. "आडवी उभी आहे ती."

"नक्की?"

"नक्की."

माझ्याशेजारी वहिनी खुरपत होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं, पण मान वर केली नाही. मायनं तसंच सांगितलं होतं. मोठी माय अजून भाकरीवरच होती.

बार झाला तेव्हा मी तयार होते, तरी माझ्या हातातलं खुरपं उडालं. धुराचा लोट आमच्याच अंगावर आला. झोळीतलं लेकरू किंचाळून रडायला लागलं आणि वहिनी उठून पळाली. धूर विरला तेव्हा ती अलीकडची रोही गुडघ्यांवर आली होती. मग आडवी झाली. फार तडफडली नाही. बाकीच्या सात जणी डोंगराच्या पायथ्यापर्यंत पळाल्या आणि तिथं थांबून, नेहमीसारख्या मागं वळून बघू लागल्या.

काका उठले. पदर खाली पडला होता, मिशीला दारूची काजळी लागली होती.

आणि तेव्हा माझ्यापासून वीस पावलांवर, कापसाच्या तासातून एक वासरू उठून उभं राहिलं. तांबूस, मोठ्या बोकडाएवढं. ते पळालं नाही. ते रोहीकडं तोंड करून उभं राहिलं. मग बांधापलीकडं ज्वारी हलली आणि तिथून दुसरं उठलं.

रोहीला जुळी होतात. हे मला माहीत होतं, कुणालाही माहीत असतं.

काका बंदूक टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "पोरी," एवढंच म्हणाले. माय ओळीच्या त्या टोकाला उभी राहिली होती. तिचं तोंड वासरांकडं होतं.

काकांनी आपला शब्द पाळला. त्यांचे गडी आले, त्यांची बैलगाडी आली, आमच्या एकाही माणसाला हात लावायला सांगितलं नाही. शब्द मोडला तो आमच्याकडून.

घरी आल्यावर मी म्हणाले, "ती एका जागी बघत नव्हती, माय. इकडं बघायची, तिकडं बघायची."

"हं," माय म्हणाली. आणि चुलीपुढं बसली. वाटणीचं मटण काकांनी पाठवलं होतं. ते तिनं आल्या पावली परत पाठवलं.

तिकडं गावात कापताना कासेतून दूध आलं. दुपारपर्यंत ते आमच्या वस्तीत कळलं. मोठी माय दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"दुधाची निघाली म्हणत्यात."

"व्हय," माय म्हणाली.

"कुणी दाखवली?"

मी पाण्याची घागर उतरवत होते. मी तोंड उघडलं, पण माय आधी बोलली.

"मीच दाखवली, तिकडून खूण करून. पोरगी नुसती बसली व्हती."

मोठी मायनं माझ्याकडं बघितलं. ओळीत ती आमच्यापासून लांब बसली होती, तिला काही दिसलं नव्हतं. तिनं एक उसासा टाकला आणि गेली.

"खोटं का बोललीस?" मी विचारलं. खोटं न बोलणं हेही शीलच होतं. माझ्यासाठी तिनं तेही मोडलं.

"तू शिकलेली हायस. तुझ्याकडं बघून आता बाकीच्या पोरी शाळंत जायल्या. शिकलेलीनं असं केलं, असं नाव निघालं तर ते जात न्हाई. माझं काय, मी अडाणी. अडाणी माणूस चुकतंच."

आणि मी गप्प बसले. तिचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. मला ते सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी ओळीला बारांतल्या सात बाया आल्या. वहिनी आली नाही. तिसऱ्या दिवशी पाच. मोठी माय आली, पण गप्प खुरपत राहिली, आणि तिचं गप्प राहणं माझ्या उभ्या जन्मात मी पहिल्यांदा बघितलं. मायनं "चला, सुट्टी" म्हटलं तरी बाया जरा थांबायच्या, एकमेकींकडं बघायच्या, मग उठायच्या. एवढाच फरक. पण वीस वर्षांत तो कधी पडला नव्हता.  दुपारी माय भाकरीचं फडकं सोडायची नाही, ज्वारीच्या कडेनं चालत जायची. दोन्ही वासरं पहिल्या दिवशी तिथंच घुटमळत होती. तिसऱ्या दिवशी तिला एकच दिसलं. दुसऱ्याचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कळप मात्र आला नाही. बार ऐकला होता म्हणून, की वाटच बदलली होती, कोण जाणे. कणसं दुधातून निघाली, दाणा टणक झाला.

चौथ्या दिवशी मायनं मला पाणी आणायला पाठवलं आणि मी रिकामी घागर घेऊन वहिनीच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसून लेकराला पाजत होती. थोरला, तीन वर्षांचा, अंगणात मातीत खेळत होता. तिनं मला बस म्हटलं नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "मायनं नाही दाखवली. मी दाखवली. माय लांब बसली होती, तुलाही माहीत आहे. तुझ्याशेजारी मी बोलले होते."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी बहिरी हाय का?"

"मग तू मोठी मायला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या मायनं माझ्या नावानं शब्द दिला व्हता. तिनं सांगितलं, मी दाखवली. मंग मी तिला खोटी कशी पाडू?" तिनं लेकरू दुसऱ्या बाजूला घेतलं. "मी म्हणलं, बघू शिकलेली काय करती ते."

 मग मी जे मायला सांगितलं होतं, तेच तिला सांगितलं. मला बहुधा अजूनही कुणीतरी मला बरोबर म्हणायला हवं होतं. "ती एका जागी बघत नव्हती गं. एकदा कापसाकडं बघायची, एकदा ज्वारीकडं. मला वाटलं, हिला वासरू नाही."

वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू काहीतरी साधीच गोष्ट मला समजावून सांगायची वेळ तिच्यावर आली आहे.

"मी ओळीत कशी बसती, कधी बघितलंस का?" ती म्हणाली. "एक डाव झोळीकडं बघती. एक डाव गावाकडं. थोरला इथं असतोय ना, सासूजवळ."

अंगणातल्या पोराकडं तिनं तेव्हाही एकदा बघितलं. मग मांडीवरच्याकडं.

तिथून मी थेट शेतात गेले, घागर रिकामीच. पाचजणी बसल्या होत्या. माय सगळ्यांत पुढं. मी ओळीसमोर उभी राहिले आणि मोठी मायकडं बघून सांगितलं की रोही मी दाखवली, म्हातारी आली नव्हती तरी दाखवली, आणि माय खोटं बोलली ती माझ्यासाठी. फार मोठ्यानं नाही. काकाही शेजारच्या शेतात होते. ऐकलं असेल.

माय म्हणाली, "तुला कुणी विचारलं व्हतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

मोठी मायनं खुरप्यावरची माती अंगठ्यानं काढली. बराच वेळ काढत राहिली. "पाणी आणायला गेली व्हतीस ना?" ती म्हणाली. "मंग रिकामी घागर घेऊन काय उभी राहिलीस? तहान लागलीय की आमाला."

मी पाणी आणलं. ते सगळ्याजणी प्याल्या.

दुसऱ्या दिवशी ओळीला बारा बाया होत्या. वहिनीनं झोळी बोरीला बांधली, लेकराला निजवलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली. आम्ही खुरपत राहिलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितलं. चार रोपं निंदून झाली की तिची मान वर व्हायची, झोळीकडं जायची. आणखी चार रोपं, आणि मान गावाकडं. त्याआधी महिनाभर मी रोज तिच्याशेजारीच बसत होते.

ज्वारी घरात आली. ती वर्षभर पुरली. तिची भाकरी मीही खाल्ली, वातड होती.